गप बसू नका, मामा

"बोलत राहायचं, मामा. गप बसायचं न्हाई."

बालाजी ब्रदर माझ्याशी बोलला ते हे पहिलं वाक्य, आणि ते ऐकून मी हबकलोच. बावन्न वर्षांच्या आयुष्यात असं मला कुणीही कधी सांगितलेलं नव्हतं. आमच्या गोतावळ्यात मी गोष्टी सांगणारा म्हणून ओळखला जातो. म्हणजे मी बोलायला लागलो की लहान मुलं झोपतात आणि मोठ्यांना गॅसवर ठेवलेलं दूध आठवतं. बारसं असो की तेरावं, घरातून निघतानाच माझी बायको शैला बजावते, "तिथं सुरू करू नका हं." आणि इथं पिंपरीतल्या एका हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर, कडक इस्त्रीचा गणवेश घातलेला एक पस्तिशीचा अनोळखी पुरुष माझ्या हाताची शीर चाचपत मला बोलत राहा म्हणत होता.

मला वाटलं, टोचताना लहान मुलाला कावळा दाखवतात तसला प्रकार असेल. सुई लागली, चिकटपट्टी बसली, सलाइन ठिबकायला लागलं. मी थांबलो. त्यानं लगेच मान वर केली.

"का थांबलाव?"

"झालं ना टोचून?"

"टोचायचं झालं. बसायचं अजून लई हाय. बोला की. गाव कुठलं, नोकरी कुठं, लगीन कसं झालं, काय बी चालतं."

लग्न कसं झालं! शेजारच्या स्टुलावर बसलेल्या शैलानं कपाळाला हात लावला.

मी तिथं कशासाठी गेलो होतो ते आधी सांगतो. मला गाउट आहे, सांधे सुजवणारा आजार. हा आजार सांगताना चेहरा कसा ठेवावा हे मला अजून जमलेलं नाही. हार्टचं सांगितलं की लोक उठून खुर्ची देतात. गाउट म्हटलं की हसून विचारतात, "रोज किती घेता?" मी कोकम सरबताच्या पुढे कधी गेलेलो नाही, पण माझ्यावर विश्वास ठेवायची आमच्याकडे पद्धत नाही. पंख्याचा वारा लागला तरी पायाचा अंगठा ठणकतो, असं मी सख्ख्या भावाला सांगितलं, तर तो म्हणाला, "तू काहीही सांगतोस राव!" आयुष्यात तेवढी एकच गोष्ट मी तिखटमीठ न लावता सांगितली होती.

अनेक वर्षं गोळ्या खाऊनही रक्तातलं युरिक अ‍ॅसिड हवं तेवढं उतरेना. त्याचे खडे सांध्यांत साठत गेले. बोटांवर, कोपरावर, पायांवर गाठी आल्या. एकदा मधल्या बोटावरची गाठ फुटली आणि आतून पांढरा खडूसारखा चुरा निघाला. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीत आहे. मापात न बसणाऱ्या पीसवर खडूनं फुली मारायची, हे माझं काम. आता खडू माझ्या बोटातूनच यायला लागला म्हटल्यावर स्टोअरवाल्याचा त्रास वाचला, असा विनोद मी केला. कुणी हसलं नाही.

खरी अडचण पायांची होती. पुढे पोलादी टोपी असलेले सेफ्टी शूज घातल्याशिवाय आमच्याकडे शॉपफ्लोरवर पाऊल टाकता येत नाही. माझे दोन्ही पाय कुठल्याच मापाच्या बुटात शिरेनात. मापाबाहेरचे पीस बाजूला काढणारा माणूस स्वतःच मापाबाहेर गेला आणि कंपनीनं त्याला बाजूला काढून गेटजवळच्या खोलीत बसवला. मी सँडल घालून आत शिरलो की पोरं ओरडायची, "काय भाऊ, सासुरवाडीला का?" एचआरवाल्या साहेबांनी गोड आवाजात सांगितलं होतं, दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर मग स्वेच्छानिवृत्तीचं बोलू. म्हणजे दिवाळीच्या आत माझे पाय बुटात गेले पाहिजेत, एवढीच आमच्या घराची त्या वर्षीची मागणी होती. शैलाची तर माझ्यापेक्षा जास्त. मी कायमचा घरी बसलो तर माझ्या गोष्टी ऐकायला ती एकटीच उरणार होती.

शेवटी आमच्या डॉक्टर मॅडमनी शिरेतून द्यायचं एक औषध काढलं. बाहेरदेशातून मागवावं लागायचं. दर पंधरवड्याला एक बाटली. हे औषध युरिक अ‍ॅसिडच विरघळवून टाकतं, त्यामुळे गाठी वितळतात. मॅडमनी दोन गोष्टी निक्षून सांगितल्या. एक, युरिक अ‍ॅसिडची जुनी गोळी पूर्ण बंद. दोन, प्रत्येक बाटलीआधी रक्त तपासायचं. आकडा वर चढायला लागला तर शरीर औषधाशी भांडायला लागलंय असं समजायचं, आणि मग औषध थांबवायचं. मी एवढंच ऐकलं, की गाठी वितळतील. शैलानं ऐकलं, की थांबवायचं.

ही बाटली द्यायचं काम बालाजीचं. तो लातूरकडचा. मिशी बारीक कातरलेली, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. वॉर्डात त्याला सगळे ब्रदर म्हणत आणि तो पुरुषांना मामा, बायकांना मामी म्हणे. मॅडम आणि हॉस्पिटलचे ट्रस्टी सोडले तर सगळं जग त्याचं आजोळ होतं. औषधाची पिशवी तो दोन्ही हातांवर आडवी धरून असा आणायचा, की बाळंतिणीच्या खोलीतून कुणी लेकरू दाखवायला आणतंय. "हे हालवायचं नसतंय, मामा. हे नाजूक हाय. तुमी दणकट हाव, तुमाला हालवलं तरी चालतं." आधी अ‍ॅलर्जीची औषधं द्यायचा, मग वाट बघायचा, मग एकेक थेंब मोजत बाटली सोडायचा. शेजारी एक ट्रे मांडून त्यावर हिरवं फडकं टाकून ठेवायचा. बाटली संपली की तो ट्रे तसाच्या तसा उचलून न्यायचा. मला वाटायचं, पुढच्या पेशंटची तयारी असेल. कामाचा माणूस दिसतोय, म्हणून मी कौतुकही केलं होतं.

प्रत्येक वेळी त्याचे प्रश्न ठरलेले. "ताप आलता? खोकला? अंगावर काई उठलं? नवीन काई गोळी चालू केली?" उत्तर माहीत असूनही तो विचारणार आणि आपण तोंड उघडून नाही म्हणेपर्यंत पुढे सरकणार नाही. मान हलवलेली त्याला चालत नसे. बाटली चालू असताना तो खुर्चीवर बसायचा नाही. पायथ्याशी उभा राहायचा आणि पेशंटला बोलतं ठेवायचा. शेजारच्या पलंगावर कधीकधी चऱ्होलीचे एक आबा असत. जमिनी विकल्या गेल्यावर उरलेल्या तुकड्यात अजून मेथी लावणारे. त्यांना रक्तवाढीची बाटली लावलेली असायची आणि त्यांचा डोळा लागायचा.

"आबा! ओ आबा! मेथीचं काय झालं?"

"आरं झोपू दे की लेका! जित्ता हाय मी, व्हय."

"जित्ता हाव तर बोला की मग."

"घरी म्हातारी बोलू देत न्हाई, हितं तू झोपू देत न्हाईस. आमी जायाचं कुठं?"

मी मात्र खूष होतो. मला असा श्रोता पहिल्यांदाच मिळाला होता. तो माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत असे, मध्ये बोलत नसे, मी थांबलो की "हां, मग?" म्हणे. मी पुढच्या बाटलीसाठी गोष्टी घोळवून ठेवायला लागलो. शैला म्हणायची, "त्या माणसाला पगार त्यासाठी नाही." मी म्हणायचो, "तुला काय कळतंय? दर्दी आहे तो."

आणि औषध लागू पडलं. हे अजूनही मला खरं वाटत नाही. कोपरावरची लिंबाएवढी गाठ सुपारीएवढी झाली. मूठ मिटायला लागली. एका रविवारी सकाळी मी सहज डावा पाय बुटात सरकवला आणि तो गेला. मी ओरडलो. शैला कणकेच्या हातानं धावत आली, बुटाकडे बघितलं आणि त्या चामड्याच्या बुटाला कुंकू लावायला निघाली. मी तिला आवरलं. उजवा अजून अडत होता, पण आता नुसता दिवसांचा प्रश्न होता.

त्याच आठवड्यात रक्ताचा आकडा चढला. फार नाही, थोडासा. मॅडम म्हणाल्या, "या वेळी ठीक आहे, पुढचा रिपोर्ट बघू. पण असाच वाढत गेला तर थांबावं लागेल." त्या दिवशी रिक्षात शैला भोसरीतलं आमचं घर येईपर्यंत तो रिपोर्ट उघडून पुन्हा पुन्हा वाचत होती. मी मात्र रिक्षावाल्याला माझ्या बुटाची गोष्ट सांगत होतो.

पुढचा रिपोर्ट सुरेख आला. आकडा पुन्हा खाली. मॅडमही खूष झाल्या. शैलानं पेढे आणले होते. बालाजीनं पेढा घेतला, खिशात ठेवला आणि विचारलं, "ताप? खोकला? नवीन काई गोळी चालू केली का, मामी?"

"नाही हो भाऊ, नवीन काही नाही," शैला म्हणाली.

बाटली सुरू झाली. त्या दिवशी मी माझी सगळ्यात चांगली गोष्ट काढली होती. आमच्या गणपाकाकाच्या लग्नात वऱ्हाडाचा टेम्पो वाट चुकला आणि बँडवाल्यांचा टेम्पो आधी मुलीच्या दारात पोचला, ती. "तर बँडमास्तरचा तो जरीचा कोट, डोक्याला तुरा. मुलीच्या बापाला वाटलं, हाच नवरदेव! त्यानं ओवाळायचं ताट मागवलं, आणि..." मी खाकरलो. "त्यानं ताट..." आवाज घोगरा आला. मी पुन्हा खाकरलो.

तोवर बालाजीचा हात नळीवर गेलेला होता. त्यानं चाक फिरवून बाटली बंद केली आणि दुसऱ्या हातानं भिंतीवरची घंटा दाबली.

"अहो ब्रदर, आत्ता तर खरी मजा येणार..."

"मजा राहू द्या. घसा आवळायलाय का?"

"नाही हो, बडीशेप अडकली असेल."

"बडीशेप खाल्ली का आज?"

खाल्ली नव्हती. हे लक्षात आलं आणि त्याच क्षणी कानांच्या पाळ्या पेटल्यासारख्या झाल्या. तळहात खाजायला लागले. छातीवर कुणीतरी भरलेलं क्रेट आणून ठेवलं. मला सांगायचं होतं की असं असं होतंय, पण सांगायला आवाजच नव्हता. तोंड उघडत होतं, बाहेर काही येत नव्हतं. मी शैलाकडे बघितलं. ती भिंतीला टेकून उभी होती, तिचा चेहरा मला कधीच विसरता येणार नाही.

मग बालाजीनं हिरवं फडकं ओढलं. ट्रेमध्ये भरून ठेवलेलं इंजेक्शन होतं. त्यानं ते पँटवरूनच माझ्या मांडीत घातलं. नाकातोंडावर मास्क आला, पाय उशीवर चढले, नवी नळी जोडली गेली, मॅडम धावत आल्या. तो ट्रे दर वेळी माझ्यासाठी मांडलेला होता, हे मला तेव्हा कळलं. इतक्या सगळ्या बाटल्या मी मरणाशेजारी बसून बडबडत होतो आणि माझ्या वतीनं हा माणूस त्याच्यावर नजर ठेवून उभा होता.

सगळ्या गडबडीत त्याचा आवाज तेवढा चढला नाही. "मामा, माझ्याकडं बघा. श्वास घ्या. आता बोलू नका. आता मी बोलतो." आणि तो बोलत राहिला. काय बोलला ते आठवत नाही. त्याचा आवाज चालू आहे म्हणजे मी आहे, एवढंच समजत होतं.

श्वास मोकळा झाल्यावर मॅडम माझ्या कागदांकडे बघत स्वतःशीच म्हणाल्या, "इतका चांगला रिपोर्ट असताना असं सहसा होत नाही. कसं काय झालं?"

तेव्हा भिंतीपासून शैलाचा आवाज आला. "भाऊ, ती जुनी गोळी आणि हे औषध... एकमेकांना बाधत नाहीत ना?"

बालाजी हळूच वळला. "कंची जुनी गोळी, मामी?"

शैला सांगत गेली. आकडा चढल्यावर औषध बंद होणार, उजवा पाय राहून जाणार, या भीतीनं तिनं पुढच्या तपासणीआधी मला माझी जुनी युरिक अ‍ॅसिडची गोळी पुन्हा द्यायला सुरुवात केली होती. घरात मी कुठली गोळी घेतो हे मला कधीच माहीत नसतं. ती देते, मी गिळतो, बोलत असतो. "ऑडिटच्या आधी सगळं झाकपाक करतात, हे तुम्हीच घरी सांगायचात ना," असं ती माझ्याकडे बघून म्हणाली, आणि मग तिला रडू कोसळलं.

मी आडवा, तोंडावर मास्क, आणि डोक्यात हिशोब लागत गेला. गोळीनं मला काही केलं नव्हतं. गोळीनं आकडा खाली ओढून धरला होता. शरीर औषधाशी भांडायला लागलंय ही एकच खबर देणारी जी गोष्ट होती, तिचंच तोंड बंद केलं होतं. क्वालिटीतल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. नापास पीस पास व्हावा म्हणून कुणी पीसला हात लावला नव्हता. ज्यानं मोजायचं ते गेजच घासून टाकलं होतं. आणि त्या रिपोर्टचे आम्ही पेढे वाटले होते.

मी मास्क बाजूला करून शैलावर ओरडायचा प्रयत्न केला. घशातून कोंबड्यासारखा आवाज निघाला. बालाजीनं मास्क परत बसवला.

"घसा अजून सुजलेला हाय, मामा. भांडण उद्या."

मग तो मॅडमकडे वळला आणि त्यानं जे सांगितलं, त्यानं तर मी थक्क झालो. "मॅडम, माझी बी चूक हाय. मी दर वेळी 'नवीन गोळी' इचारत होतो. जुनी परत चालू केली का, हे मी कधीच इचारलं न्हाई. मामी खरं बोलल्या. प्रश्न अपुरा होता."

शैला म्हणाली, "अहो भाऊ, तुमची कसली चूक? मीच..." तर तो जरा रागानंच म्हणाला, "मामी, तुमची तुमच्यापाशी ठेवा. माझी मला सांगू द्या." वरिष्ठांपुढेही त्यानं हेच सांगितलं. त्याबद्दल त्याला बरंच ऐकून घ्यावं लागलं, असं दुसऱ्या एका सिस्टरकडून कळलं.

मला रात्रभर ठेवून घेतलं. सकाळी तो ड्यूटीवर आला तेव्हा माझा आवाज परत आला होता. फसवला गेलेला नवरा, वाचलेला पेशंट असा मी काहीतरी होतो. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अर्धवट राहिलेली कथा माझ्या पोटात होती. म्हटलं, "ब्रदर, कुठं राहिलं होतं बरं आपलं? मुलीच्या बापानं ताट आणलं..."

"कुणाच्या मुलीच्या?"

"अहो, गणपाकाकाच्या लग्नात! बँडमास्तर!"

बालाजीनं माझ्या हाताला बीपीचा पट्टा बांधला. "काय की मामा. मला गोष्ट काई ठाऊक न्हाई. मी आवाज ऐकतो. शब्द ऐकत बसलो तर आवाज सुटतो."

"म्हणजे याआधीच्या सगळ्या गोष्टी?"

"छान होत्या असतील."

मी उशीवर मान टाकली. आदल्या दिवशी जीव जाता जाता वाचला त्याचा धक्का मोठा, की आयुष्यातला एकमेव श्रोता गेला त्याचा, हे मला त्या सकाळी ठरवता येईना. तेव्हा त्यानं अगदी सरळपणे सांगितलं, "मामा, हे औषध तुमच्यासाठी संपलं. आता परत कधीच घ्यायचं न्हाई. कुठं बी गेलाव तरी पहिलं हेच सांगायचं. मॅडम बोलतील तुमाला, पण मी आधी सांगून ठेवतो. आशा धरून बसू नका." मी उजव्या पायाबद्दल विचारलं. त्यानं अंगठ्याच्या बाजूची गाठ दाबून बघितली. "उतरली हाय, पण पुरी न्हाई. आता गोळ्यांनी जेवढं व्हईल तेवढं. हळूच व्हईल."

मॅडमनी जुन्या गोळ्या नव्यानं आणि वेगळ्या मात्रेनं सुरू केल्या. आम्ही घरी आलो. भांडण उद्या म्हटलं होतं, पण ते झालंच नाही. शैला भांडेचना. ती माझ्याशी नीट वागत होती, आणि तेच भयंकर होतं. भाजीत मीठ कमी झालं तरी मी काही म्हटलं की "बरं" म्हणायची. औषधं ठेवायचा बिस्किटांचा डबा तिनं टेबलावर आणून ठेवला आणि म्हणाली, "तुमचं तुम्ही बघत जा." डब्याजवळून जाताना ती हात पदराखाली घ्यायची. मी गोष्टी सांगायला लागलो तर शेवटपर्यंत ऐकून घ्यायची. एवढे वाईट दिवस आमच्या संसारात पूर्वी कधी आले नव्हते.

असे काही आठवडे गेले आणि एका संध्याकाळी दारात बालाजी उभा. साध्या शर्टात तो मला ओळखूच आला नाही.

"हितंच राहतो की मी, लांडेवाडीत. तुमच्यापासून चालत अंतरावर," तो म्हणाला. इतके महिने त्याच्यासमोर तोंड चालवलं, आणि तो कुठे राहतो हे मी एकदाही विचारलेलं नव्हतं.

त्यानं पाय बघितला, चहा घेतला, आणि मग म्हणाला, "मामी, गोळ्यांचा डबा आणा."

शैला जागची हलली नाही. "ते बघतात आता त्यांचं."

"मी त्यांना न्हाई इचारलं."

"नको भाऊ. माझ्या हातानं नको."

"तुमच्याच हातानं. ह्यांच्या हातावर माझा भरवसा न्हाई. हे बोलता बोलता तुमच्या बी गोळ्या खाऊन टाकतील."

तिनं डबा आणला, पण उघडेना. बालाजी जमिनीवर मांडी घालून तिच्यासमोर बसला. त्याचा वॉर्डातला आवाज लागला. "मामी, चूक झाली तुमची. न्हाई झाली, असं मी म्हणणार न्हाई. मामा जाणार होते. पण माझी बी झालती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच वॉर्डात दुसऱ्याला सुई लावली. हात कापत होता. लावली. चूक झाली म्हणून आमाला सुई टाकून देता येत न्हाई, ड्यूटी असती. वाचा मोठ्यानं. नाव वाचा, कशाची ते सांगा, मग द्या."

शैलानं पाकीट उचललं. पहिलं नाव वाचताना तिचा आवाज फुटला. तो "हां, कशाची?" म्हणाला. तिनं सांगितलं. दुसरं वाचलं. तिसऱ्यापर्यंत आवाज जरा जागेवर आला. मग तिनं संध्याकाळची गोळी काढून माझ्यासमोर धरली आणि माझ्याकडे न बघता उभी राहिली. मला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. आयुष्यात एकदाच नेमकं बोलायची वेळ आली होती, आणि मला काही सुचलं नाही. मी गोळी घेतली आणि गिळली.

त्यानंतर बालाजी मला भेटला नाही. पुढच्या वेळी मॅडमकडे गेलो तेव्हा कळलं, तो आखातात कुठल्याशा हॉस्पिटलात गेला. ठरलेलं होतं म्हणे आधीपासूनच. म्हणजे त्या संध्याकाळी तो आमच्याकडे आला तेव्हा त्याची बांधाबांध चालली असणार. माझा पाय बघायला तो आला नव्हता. त्याचा पेशंट दुसराच होता, आणि ते घरातल्या माणसाला, म्हणजे मला, दिसलेलं नव्हतं.

त्या संध्याकाळी त्याला सोडायला मी जिन्यापर्यंत गेलो होतो. तो वाकून चपला घालत होता. काही आभाराचं बोलावं म्हणून मी घसा साफ केला, तर आतून शैलाचा आवाज आला, पूर्वीसारखा, अख्ख्या मजल्याला ऐकू जाणारा.

"अहो, पाणी कोण पिणार? अर्धा पेला तसाच ठेवलाय इथं! आणि उद्या जाऊन बुटांचे दोन जोड आणा, एक सात नंबरचा, एक दहाचा. डावा ह्यातला, उजवा त्यातला. दोन्ही पायांना एकच माप पाहिजे, असं कुठल्या कंपनीनं सांगितलंय तुम्हाला? ऐकताय का?"

बालाजी चपलेचा पट्टा धरून तसाच वाकलेला राहिला. मान जरा तिरकी, वॉर्डात असायची तशी. तिचं बोलून संपेपर्यंत तो हलला नाही. मग सरळ झाला, माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "आवाज मोकळा हाय. आता मी जातो, मामा."